उन्हात उसवलेला बास

माझी आत्या निवृत्त होईपर्यंत इस्पितळात एक्स-रे काढायची. दुसऱ्याच्या आत काय चाललंय ते बघायची सवय तिच्या अंगात मुरलेली. घरात तिला सगळे ‘चौकशी खिडकी’ म्हणतात आणि तिला त्याचा रागही येत नाही. मी उघड्या मैदानावरच्या संगीत महोत्सवाला निघाले तेव्हा तिनं विचारलं, “दिवसभर उन्हात उभं राहून ऐकायचं? बसून कमी ऐकू येतं का?”

“चल की, स्वतःच बघ,” मी आपलं सहज म्हटलं. तर ही टोपी घालून दारात हजर.

मैदानात पोचलो तेव्हाच जमीन तापली होती. लोखंडी कठड्याला हात लावायची सोय नव्हती. तरी मी धक्के खात मोठ्या मंचासमोर अगदी पुढची जागा पटकावली. संध्याकाळी माझा लाडका बँड होता आणि त्यासाठी दिवसभर भाजून निघायची माझी तयारी होती. आत्याची अर्थातच नव्हती. शेजारच्या माणसाला तिनं विचारलं, “ऐकायला आलात आणि कानात बोळे?” त्या बिचाऱ्यानं कान जपण्याबद्दल सगळं नीट सांगितलं. मग ती पाणी भरून आणते म्हणून गेली, ती येईचना.

आली ती घामाघूम, डोळे लकाकत. “चल लवकर. छोट्या मंचामागं एक बाई स्वतः उन्हात बसलीय आणि छत्री धरलीय एका भल्यामोठ्या पेटीवर. आत काय असेल?”

“असेल काहीतरी. आत्या, ही जागा गेली तर परत मिळायची नाही.”

“काहीतरी म्हणजे काय?”

तिला एकटीला सोडलं असतं तर ती पेटी उघडूनच परत आली असती. मी निमूट मागं गेले.

बाई चाळिशीची, ठेंगणी, चेहरा रडवेला. पेटीत डबल बास होता. व्हायोलिनचा थोरला भाऊ म्हणावा असं वाद्य, तिच्यापेक्षा चांगलं हातभर उंच. मंचामागं सावली अशी नव्हतीच. सकाळपासून पेटी उन्हात राहिली होती आणि लाकडाचे जोड धरून ठेवणारा सरस पातळ झाला होता.

“हे बघा,” तिनं बोटानं दाखवलं. खालच्या अंगाला, कडेच्या जोडावर, बारीक फट पडली होती. तिनं एक तार छेडली. खोल सुराच्या मागोमाग डब्यात अडकलेल्या माशीसारखी गुणगुण आली. “थोड्या वेळात माझा कार्यक्रम आहे. आधी हा गार तरी व्हायला हवा. नाहीतर फट वाढत जाईल.”

“इथं गार जागा कुठं आहे?” मी विचारलं.

“प्रथमोपचाराच्या तंबूत,” आत्या लगेच म्हणाली. “मोठे कूलर आहेत. मी मघाशी जाऊन आले.”

“तुला काय झालं होतं?”

“मला काय होतंय? बघायला गेले होते.”

आम्ही तिघींनी बास उचलला आणि गर्दीतून वाट काढत निघालो. तंबूत ऊन लागलेली माणसं ओळीनं आडवी होती. दारातच डॉक्टरीणबाईंनी अडवलं.

“काकू, इथं फक्त आजारी माणसांना घेतो.”

“यालाही ऊनच लागलंय हो,” आत्या म्हणाली. “उलट्या करणार नाही, सलाईन मागणार नाही. कोपऱ्यातली ती खाट रिकामी आहे. माणूस आला की लगेच उठवू.”

डॉक्टरीणबाईंना हसू आवरलं नाही. बास खाटेवर निजला. शेजारच्या खाटेवरचा भोवळ आलेला माणूस मान वळवून बघत राहिला. आपल्याला भास होतोय की काय, असं त्याला वाटलं असावं.

बास गार होत असताना आत्यानं विचारलं, “मी आत डोकावू?” बाईनं मान डोलावली. बासच्या छातीवर आवाज बाहेर यायला दोन वळणदार भोकं होती; आत्यानं फोनचा दिवा एकातून आत सोडला आणि दुसऱ्याला डोळा लावला. बराच वेळ ती हललीच नाही.

“अगं, आत खोली आहे,” ती हळूच म्हणाली. “मधोमध एक खांब. भिंतीला जुनी ठिगळं. कोपऱ्यात धूळ. ये, बघ.”

मी बघितलं. खरंच, कुणीतरी नुकतंच सोडून गेल्यासारखी ती एक लांबट तपकिरी खोली होती.

फट आपोआप मिटणार नव्हती, पण वाढायची थांबली. वेळ झाली तेव्हा बाईनं मुरगळलेल्या पायाला बांधतात तसल्या ताणाच्या पट्ट्या मागितल्या. तिनं जोड दाबून धरला, आत्यानं सराईत हातानं बासच्या पोटाभोवती पट्टी गुंडाळली. बाईनं पुन्हा तार छेडली. आवाज थोडा दबला होता, गुणगुण मात्र थांबली.

कार्यक्रम आम्ही मंचाच्या कडेला उभं राहून ऐकला. पट्टी बांधलेला बास बघून लोक आधी हसले, मग ऐकू लागले. मधे एकदा गुणगुण परत आली. बाईनं गुडघा जोडावर टेकवला आणि तशीच वाजवत राहिली.

बाई मंचावरून उतरल्यावर आत्यानं विचारलंच, “एवढंसं शरीर तुमचं. एवढं मोठं वाद्य का घेतलंत?”

बाईनं घाम पुसला. “मावशी, याचा आवाज फारसं कुणी लक्ष देऊन ऐकत नाही. पण मी थांबले की बाकीचे चाचपडतात. ते मला आवडतं. या, पाठ टेकवा.”

आत्यानं बासला पाठ लावली. बाईनं पुढून तारांवर गज ओढला, सगळ्यात खालचा सूर. आत्याचे डोळे विस्फारले. “बरगड्यांत वाजतंय!” ती ओरडली. “अजून एकदा!”

मोठ्या मंचाकडे परतलो तेव्हा माझी जागा अर्थातच गेली होती. आम्ही पार मागं, कुठल्याशा गाडीला टेकून उभ्या राहिलो. मला वाईट वाटत होतं, खोटं कशाला सांगू? ऊन कललं, माझा बँड आला, माझं तोंडपाठ गाणं सुरू झालं.

“यात खालचा सूर कोणता गं?” आत्यानं कानाशी येऊन विचारलं.

गाण्याचे शब्द बाजूला ठेवून मी खाली, अजून खाली शोधत गेले. आणि सापडला. सगळ्यांच्या पायाखालून तो एकटा, संथ चालला होता.

“हा,” मी म्हटलं आणि आत्याच्या मनगटावर बोटानं त्याचा ठेका धरला. पुढची गाणी आम्ही तशीच ऐकली.