वसुलीच्या टेबलावरचा हेडफोन

मित्रांनो, मी एक जुना हेडफोन आहे आणि आता माझा फक्त उजवा कान चालतो. गाणी ऐकवणाऱ्या हेडफोनांशी माझे नाते जोडू नका. माझ्यातून कधी गाणे वाजले नाही. थकलेल्या कर्जांच्या वसुलीच्या कार्यालयात, तिसऱ्या रांगेतल्या चौथ्या टेबलावर मी नऊ वर्षे काढली. सध्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात तुटक्या की-बोर्डांच्या सोबतीला पडून आहे. वेळच वेळ आहे, म्हणून सांगतो.

माझा जन्म एका कारखान्यातला. लांब टेबलाशी बायका ओळीने बसलेल्या. एकीने माझी वायर जोडली, दुसरीने स्पंज चढवले आणि शेवटच्या बाईने मला डोक्यावर चढवून माइकमध्ये "एक, दोन, तीन" म्हटले. माझ्या कानावर पडलेले ते पहिले आकडे. पुढे जन्मभर आकडेच ऐकत बसावे लागणार आहे, हे तेव्हा कोणी सांगितले नाही.

कार्यालयात आलो तेव्हा माझा भलताच रुबाब होता. "याचा आवाज काय स्वच्छ येतो," म्हणून शेजारच्या टेबलांवरून मला मागायला यायचे. पण मी ताईंच्या वाट्याला आलो. त्यांना सगळेच ताई म्हणत, त्यांच्याहून मोठेसुद्धा. त्यांचा आवाज मऊ होता. साहेब अवघड माणसांची यादी मुद्दाम त्यांना देत. "ताईंना शिव्या द्यायला लोकांना लाज वाटते," असे ते म्हणायचे. तशी सगळ्यांनाच वाटत नसे, हे मला ठाऊक आहे.

क्रेडिट कार्ड तुम्ही घरी पाहिलेच असेल. खिशात पैसे नसतानाही त्यावर वस्तू मिळते. मग बिल येते आणि त्यात दोन रकमा असतात. एक पूर्ण, मोठी. दुसरी छोटीशी, तिला किमान रक्कम म्हणतात. छोटी भरली की त्या महिन्यापुरता कोणी फोन करत नाही. उरलेल्या रकमेवर मात्र शेकडा साडेतीन व्याज चढत राहते, तेही दर महिन्याला. आमच्याकडे शिकवलेली वाक्येही ठरलेली होती. "आज निदान किमान रक्कम भरा, पुढचं पुढे बघू." हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

आणि ताईंचेही. कारण त्यांच्याकडे स्वतःचीच दोन कार्डे होती.

मला हे जेवणाच्या सुट्टीत कळले. ताई माझी वायर फोनमधून काढून, मला गळ्यात तसाच अडकवून जिन्याखाली जायच्या आणि त्यांच्या मोबाईलवर दुसऱ्याच कुठल्या कंपनीचा वसुलीवाला बोलायचा. तीच वाक्ये, तोच क्रम. एकदा तो मध्येच अडखळला, तेव्हा ताई थकलेल्या आवाजात म्हणाल्या, "आता तारीख विचारायची असते, बाळा." त्याने आज्ञाधारकपणे तारीख विचारली. एका कार्डाचे पैसे त्या दुसऱ्या कार्डातून भरायच्या. त्यांचे यजमान बस चालवायचे. त्यांना यातले अक्षरही माहीत नव्हते, आणि कळले तर घर मोडेल अशी धास्ती ताईंनी घेतली होती. यजमानांचा फोन आला की त्या आधी घसा साफ करत, मग हसऱ्या आवाजात बोलत. तो हसरा आवाज ऐकताना मला फार कंटाळा यायचा, आणि कीवही.

एका सकाळी यादीत एक रंगारी आला. चार वर्षांत त्याची एकही तारीख चुकली नव्हती. या महिन्यात पहिल्यांदा चुकली. फोन त्याच्या बायकोने उचलला.

"ते शिडीवरून पडलेत. पाय प्लास्टरमध्ये आहे. गोळी घेऊन झोपलेत. काय काम होतं?"

कर्जदाराशिवाय कोणाला काही सांगायचे नाही, असा आमचा नियम. ताई म्हणाल्या, "त्यांनाच सांगावं लागेल. उठले की फोन करायला सांगा."

"असे फोन कुठून येतात ते कळतं हो मला. किती आहे?"

"मला सांगता येणार नाही."

"वीस वर्षं याच्या कपड्यांवरचा रंग घासतेय मी. आणि मलाच सांगता येणार नाही?" मग तिने आवाज खाली आणला. "कर्जाचं एवढं नाही वाटत. पण हा माणूस माझ्या शेजारी बसून टीव्ही बघतो आणि आतून मला घाबरून असतो. हे काही बरं नाही."

ताईंनी फोन ठेवला. पुढचा नंबर लावायला त्यांना बराच वेळ लागला.

दोन दिवसांनी रंगाऱ्याचा फोन आला, बायको शेजारीच होती. त्याने रंग फवारायच्या यंत्रासाठी चाळीस हजार कार्डावर घेतले होते. "आता संपतच आलं असेल ना?" त्याने विचारले. ताईंनी पडद्यावर पाहिले. चार वर्षांत त्याने ऐंशी हजारांच्या आसपास भरले होते आणि अजून सव्वीस हजार बाकी होते. बिचारा छोट्या रकमेलाच बिल समजत आला होता.

ताईंनी ठरलेली वाक्ये बाजूला ठेवली. "दादा, किमान रक्कम भरली म्हणजे कर्ज फिटत नाही. तुमचे निम्म्याहून जास्त पैसे व्याजात गेलेत. कार्ड वापरणं आजच बंद करा. पतपेढीत कमी व्याजाचं कर्ज मिळालं तर ते घ्या आणि हे एकदम मिटवा. नाहीच मिळालं, तर पायावर उभे राहिलात की दरमहा दुप्पट भरा."

पलीकडे बायको सगळे लिहून घेत होती. शेवटी ती समाधानाने म्हणाली, "तुमच्यासारखं कळायला हवं बाई. तुमच्या घरी हिशोब अगदी चोख असणार."

ताईंनी "ठेवते हं" म्हणून फोन बंद केला. माझा माइक त्यांच्या ओठांपाशी तसाच राहिला. मग घरगुती फोन न करण्याचा कार्यालयाचा नियम त्यांनी मोडला आणि माझ्यातूनच आपल्या यजमानांना फोन लावला.

"मी बोलतेय, ऑफिसच्या फोनवरून. तू बसलायस ना?"

"ड्रायव्हर आहे मी. बसलेलाच असतो. काय झालं?"

"माझ्यावर कर्ज आहे. दोन कार्डं. मिळून एक लाख सदतीस हजार. कशावर गेले विचारशील तर धड सांगताही येणार नाही. फी, दाताचं, तुझ्या बहिणीच्या घरचं, असंच काहीबाही."

मी शांततेतला जाणकार आहे, मित्रांनो. सबब शोधणाऱ्यांची शांतता वेगळी, रडणाऱ्यांची वेगळी. ही मला ओळखता आली नाही.

"किती दिवस?" त्याने विचारले.

"तीन वर्षं."

"म्हणजे ते फोन घेऊन गच्चीवर जाणं... मी आलो की बंद करणं..."

"वसुलीवाले असायचे."

"मला वाटलं, दुसरा कोणी आहे." त्याचा आवाज फाटला. "वर्षभर हेच डोक्यात घेऊन गाडी चालवतोय मी."

ताई रडू लागल्या. शेजारच्या टेबलांवरचे लोक बघू लागले, पण त्यांनी तोंड लपवले नाही.

"रडू नकोस," तो म्हणाला. "मला भांडायचंय तुझ्याशी. पण समोर बसून. लवकर ये घरी."

त्या संध्याकाळी काय झाले ते मला माहीत नाही. माझी धाव कार्यालयापुरतीच. नियम मोडल्याबद्दल ताईंना साहेबांकडून लेखी ताकीद मिळाली, आणि तो कागद त्यांनी पर्समध्ये, घरी दिसेल असा वर ठेवला. कार्डे मिटायला सव्वादोन वर्षे लागली. स्कूटर विकली, यजमानांनी जादा फेऱ्या घेतल्या. दोघेही दमले. पण ताईंनी फोनआधी घसा साफ करणे सोडले होते. पुढे माझा डावा कान गेला, बिनवायरचे हेडफोन आले आणि मला कपाटात टाकले. माझे त्याबद्दल काही म्हणणे नाही. खूप ऐकून झाले होते.

मित्रांनो, वस्तू नीट जपा, हे तर मी सांगणारच. स्पंज फाटला तर बदलता येतो, वायरही जोडता येते. पण घरात कुणी फोन घेऊन सारखे बाहेर जात असेल, तर त्याच्यावर डोळे वटारू नका. त्याच्या शेजारी जाऊन बसा आणि किती आहे ते विचारा. ताईंच्या घरात दोन माणसे एका रकमेपायी कितीतरी दिवस एकमेकांना घाबरत राहिली. ती भीती रकमेची नव्हती, एकमेकांना गमावण्याची होती, आणि तिचे व्याज कुठल्याच बिलात लिहून येत नाही.