खांबावरची तार आणि अंबूची शाळा

मित्रांनो, मी एक जुनी तार आहे, टेलिफोनची, तांब्याची. अभिमानाने सांगावे असे माझ्याकडे थोडेच आहे. लाजेचे जे आहे, ते मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही.

सत्तर साली मला वणी ते नाशिक खांबांवर ताणले. वाऱ्यावादळात मी तुटले की लाइनमन गोरक्ष मला सांधून द्यायचा. मग खांबावर बसूनच तो आपल्या फोनचे दोन चिमटे मला लावी आणि चालू असेल त्या बोलण्यावर आवाज तपासून घेई. "खणखणीत हाय!" म्हणाला की मी फुगून जात असे.

अठ्ठ्याहत्तरच्या जूनमध्ये वणीच्या पोस्टातून लंकाबाई नाशिकच्या आपल्या बहिणीशी, मंगलाबाईशी बोलत होती. "ताई, माझ्या अंबूला बेस्तवारी पहिल्या यष्टीनं धाडते. तिला तिकडं शाळेत घाल."

मला नुकतेच सांधून खांबावर बसलेल्या गोरक्षने तपासणीपुरते एवढे ऐकले, चिमटे काढले आणि तो खाली उतरला. पुढचे बोलणे त्याला ऐकू आलेच नाही. "ह्यांना कळू द्यायचं नाय, ताई. ह्यांनी तिची सोयरीक ठरवलीय. तेरा वर्षांची हाय गं पोर."

खांबाखालीच चहाची टपरी होती. तिथे गोरक्षला अंबूचे वडील जयराम भेटले.

"जयरामभाऊ, पोरगी बेस्तवारी नाशिकला शिकायला चालली म्हणं! लय भारी काम केलं!"

गोरक्षच्या मनात पाप नव्हते, कौतुकच होते. जयराम चहा तसाच ठेवून उठले.

गुरुवारी अंबू एसटीत बसली होती. जयरामांनी तिला दंड धरून खाली उतरवले. मी वरून सगळे पाहत होते. दुपारी मंगलाबाई फोनवर विचारत होती, "लंके, गाडी आली गं, अंबू कुठंय?" लंकाबाईचे नुसते रडणे मी नाशिकला पोहोचवले, तेही खणखणीत.

ऐंशीचे दशक संपता संपता मला उतरवून नाशिकच्या टेलिफोन कचेरीच्या आवारात टाकले. तिथे काचेची नवी केबल आली होती. साहेब लाइनमन लोकांना समजावत होते, "हिच्यातून आवाज उजेडाच्या रूपात जातो. चिमटे लावून काही ऐकू येत नाही. कुणी वाकवून उजेड चोरलाच, तर पलीकडे तो कमी पडतो आणि आपल्याला कळतं."

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. लंकाबाईला त्या दिवशी जराशी खरखर ऐकू आली असती, तरी ती सावध झाली असती. मी हूं की चूं केले नाही.

मागे उभ्या असलेल्या गोरक्षचे केस आता पिकले होते. "साहेब, अन् ऐकणारा आपलाच माणूस असला तर?"

साहेब हसले. "त्याला केबल काय करणार?"

गोरक्ष हसला नाही.

मित्रांनो, दुसऱ्याचे बोलणे कानावर आले, तर ते कितीही चांगले वाटो, पुढे सांगू नका. ज्याचे आहे त्याला आधी विचारा. गोरक्षने लंकाबाईला एकदा विचारले असते, तर अंबू नाशिकला उतरली असती.