राजकन्या जिथे उभी होती तिथे

देवाने माणसाला दोन डोळे दिले, पण घड्याळजींचा अर्धा जन्म एकाच डोळ्यावर गेला. दुसऱ्यावर सदा भिंग. त्या भिंगाखाली लोकांच्या बंद पडलेल्या वेळा चालू करता करता केस पिकले आणि एके दिवशी बायको निघून गेली. वरच्याने नेली, तक्रार कुणाकडे करायची?

बायकोमागे घरात उरलं काय? तिची चप्पल, चष्मा आणि हातात धरून खेळायचा तो गेम. गेम खरं तर लेकीचा. लेक नोकरीसाठी परमुलखात गेली, तेव्हा खेळणं कपाटात राहिलं. मग दुखण्याने अंथरूण धरलेल्या बायकोने ते हाती घेतलं आणि अशी रमली, की विचारू नका. त्यात एक राजकन्या. तिला सोडवायला कुणी राजपुत्र यायचा नाही. उलट राजपुत्रच किल्ल्यात अडकलेला आणि ही बया झगा सावरत, खड्डे ओलांडत त्याला सोडवायला निघालेली.

घड्याळजी चहा घेऊन आले की बायको ओरडायची, "थांबा हो, मरेन ना मी!"

आणि दोघंही हसायची. तेव्हा हसू येत होतं.

आता दुकान बंद करून घरी आले, की घड्याळजी हातपाय धुऊन खुर्चीत बसत आणि गेम चालू करत. पडद्यावर तीन रकाने यायचे, ज्याने खेळ जिथवर नेला तो तिथे जपून ठेवलेला. पहिल्यावर नाव होतं 'बाईसाहेब'. ते चिडवायला तिला तसंच म्हणत, तिने तेच लिहून टाकलेलं. तो रकाना उघडला की शेवटच्या किल्ल्याच्या दारात राजकन्या उभी दिसे. बायकोने तिला तिथवर आणून ठेवलं होतं. घड्याळजी कळ दाबत नसत. नुसते बघत. चुकून पुढे गेली आणि पडली तर? थोडा वेळ झाला की राजकन्या मुकुट सारखा करी, मग पायरीवर बसून हनुवटीला हात लावी. तेवढं बघायचं, बंद करायचं आणि पानावर बसायचं. एकट्याच्या जेवणाला कितीसा वेळ लागतो!

ही गोष्ट त्यांनी शेजारच्या चष्मेवाल्याला सांगितली, तिथेच ग्रह फिरले.

"काय राव, या वयात राजकन्येच्या नादी लागलात?" चष्मेवाला डोळे मिचकावत म्हणाला. मग त्यांचा चेहरा बघून वरमला. "बरं, एक सांगू? गेमच्या असल्या जुन्या कॅसेटीच्या पोटात सेल असतो. तो मेला की आतलं सगळं पुसलं जातं. आमच्या घरी झालंय तसं."

घड्याळजी दचकले. पण क्षणभरच. सेल बदलणं हा तर त्यांच्या हातचा मळ! दुसऱ्या दिवशी गेम दुकानात नेला. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. त्यांनी भिंग चढवलं, कॅसेट उघडली, जुना सेल अलगद सोडवला, जागा ब्रशने पुसली, नवा बसवला. मूर्तीला न्हाऊ घालावं तसं काम केलं. मग गेम चालू केला.

तीन रकाने आले. तिन्ही कोरे.

बंद केला, चालू केला. कॅसेट काढून फुंकर मारली, पुन्हा घातली. कोरे ते कोरेच. रस्त्यावरून माणसं जात होती, भिंतीवरची घड्याळं टकटकत होती आणि घड्याळजी भिंगाचा डोळा मिटायचंही विसरून बसले होते.

संध्याकाळी घरी आल्यावर लेकीचा फोन आला. "बाबा, जेवलात?"

"जेवेन. अगं, माझ्या हातून आई पुसली गेली."

"म्हणजे? नीट सांगा बघू."

त्यांनी सांगितलं. लेक हळूच म्हणाली, "बाबा, सेल काढला की जातंच ते. त्याला सतत वीज लागते. ते घड्याळ नाही हो."

"घड्याळात कसं, सेल काढला तरी काटे जिथल्या तिथे थांबतात. वर्षानुवर्षं थांबतात. मला वाटलं, हेही..."

त्यांनी बाहीने डोळे पुसले. पलीकडे लेकही नाक ओढत होती.

"पहिल्यापासून खेळा ना मग," ती म्हणाली.

"मला कुठे उड्या मारता येतात?"

"आईला तरी कुठे येत होत्या? पहिल्याच खड्ड्यात इतक्यांदा पडायची, की मी हसून हसून लोळायचे. पळत या आणि कडेला आल्यावर उडी मारा, आधी नाही." तेवढ्यात तिला कुणीतरी हाक मारली. "ठेवते हं बाबा. जेवा पण."

फोन ठेवला आणि घर पहिल्यासारखं झालं.

घड्याळजी कोऱ्या रकान्यांकडे बघत राहिले. पहिल्यात पुन्हा 'बाईसाहेब' लिहिता आलं असतं. बोट तिथे गेलंही. पण नाव लिहिलं म्हणून माणूस येत असतं, तर जगात कोण रडलं असतं? त्यांनी पहिला रकाना तसाच कोरा ठेवला. ती तिची जागा. दुसऱ्यावर आले आणि तिथे परक्या इंग्रजी लिपीत, एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'अहो'. या नावाने हाक मारणारं आता कुणी नव्हतं.

राजकन्या हिरव्या माळावर उभी राहिली. पळाली. पडली. पुन्हा उभी राहिली, पुन्हा पडली. किती वेळ हे चाललं, देवच जाणे. जेवण निवून गेलं, बोटं दुखायला लागली. मग एकदा कशी कोण जाणे, ऐन कडेवर उडी बसली आणि झगा फुलवत ती पलीकडे उतरली.

"अगं, बघ—" म्हणत घड्याळजींची मान पलंगाकडे वळली.

चादरीला सुरकुतीसुद्धा नव्हती.

ते तिकडे बघत असताना राजकन्या चालतच राहिली, कारण बोट कळेवर तसंच होतं. आणि त्यांनी नजर परत आणली तोवर पुढचा खड्डा आला होता.