बोटाचं कुलूप

माझा भाऊ बायकोला मारतो. घरात याला 'जरा तापट आहे' म्हणायची पद्धत. अहो, तापट तर मीही आहे, म्हणून काय कुणाच्या बरगड्या मोडत फिरते?

वहिनी घरीच शिवणकाम करते. गिऱ्हाइकांची मापं आणि बिलं घरातल्या एकुलत्या एका लॅपटॉपवर ठेवते. त्याच लॅपटॉपमध्ये तिनं स्वतःचे फोटो जमवले होते. काळानिळा दंड, फुटलेली भुवई, गळ्यावरचे वळ. वकीलबाईंनी बजावलं होतं, "मुलगी तुझ्याकडे राहायला हवी ना? मग हे जिवापाड जप." कारण दादा उठताबसता म्हणायचा, "हिला वेडी ठरवतो आणि छोटीला ठेवून घेतो."

मी कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये काम करते, त्यामुळे कुलूप घालायचं काम माझ्याकडे आलं. वहिनीचं वेगळं खातं उघडून दिलं. कॉपी कुठेच ठेवली नाही. कॉपी म्हणजे बभ्रा व्हायला आणखी एक जागा. पासवर्ड हा एवढा लांबलचक. तो काही तिच्या लक्षात राहीना. शेवटी म्हटलं, "जाऊ दे, पासवर्ड माझ्या डोक्यात राहू दे. तू आपलं बोट लाव." उजव्या हाताचं, अंगठ्याशेजारचं. वर मिजास बघा माझी, "असं बोट जगात दुसरं नाही, येऊ दे कोण येतो ते!" अकलेचे तारे तोडले नुसते. डोक्यातला पासवर्ड कुणी ओढून काढू शकत नाही. बोट हाताला असतं, आणि हात धरून ओढता येतो.

वकीलबाईंची नोटीस दादाच्या हातात पडली. तीत फोटोंचा उल्लेख होता. भर दुपारी तो कामावरून तडक घरी आला. छोटी शाळेत होती, मी रजेवर, आई आतल्या खोलीत आडवी झालेली. वहिनी शर्टांच्या कॉलरींवर इस्त्री फिरवत होती.

"उघड तो लॅपटॉप."

"नाही उघडणार."

फोडून टाकणं त्याला सोपं होतं. पण आधी त्याला बघायचं होतं, फोटो कुणाकुणाला गेलेत ते. त्यानं तिच्या कानाखाली अशी वाजवली की ती टेबलावर आदळली. मग मनगट पिरगाळून तिला लॅपटॉपपाशी ओढलं. तिनं मूठ आवळली. हा एकेक बोट उलटं वाकवून मूठ सोडवायला लागला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याच्या पाठीवर झेप घेतली, तर कोपराच्या एका तडाख्यानं त्यानं मला कपाटावर भिरकावलं.

"सोडा," वहिनी म्हणाली. "लावते बोट."

त्याची पकड सैल झाली. वहिनी वळली आणि तिनं ते बोट तापलेल्या इस्त्रीवर टेकवलं. टेकवून दाबून धरलं. चर्र झालं, मांस जळल्याचा वास सुटला. ओठ तिनं रक्त येईस्तोवर चावला, पण ओरडला तो. "अगं ए, वेडे!"

"आता लावा," ती म्हणाली.

आणि त्या नालायकानं लावलं हो! सोललेलं, पाझरणारं बोट धरून पुन्हापुन्हा दाबलं. तेव्हा मात्र वहिनी किंचाळली. लॅपटॉप काही उघडला नाही.

मग तो माझ्याकडे वळला. "पासवर्ड तुला ठाऊक आहे."

"आहे. देत नाही, जा!"

पहिल्याच ठोशात माझा दात पडला. आरडाओरडा ऐकून आई दारात आली. म्हणाली, "सांगून टाक ना गं. आपलेच दात, आपलेच ओठ."

"दात माझा गेलाय, आई!"

त्यानं माझा गळा धरला. डोळ्यांपुढे अंधारी आली. हाताला लागली ती इस्त्री उचलली आणि त्याच्या गुडघ्यावर हाणली. तो लोळला. मी एका हातात लॅपटॉप, दुसऱ्या हातात वहिनी, अशी चप्पलसुद्धा न घालता पोलीस चौकी गाठली.

मागोमाग तोही लंगडत आला, आईला घेऊन. फौजदारबाईंनी वहिनीचा हात पाहिला. "हे यानंच केलं?"

"नाही. बोट मीच भाजलं," वहिनी म्हणाली.

कपाळाला हात लावला मी. अशा वेळी हरिश्चंद्र व्हायला कुणी सांगितलं होतं हिला? दादा लगेच हसला. "बघा बाई, स्वतःला जाळून घेते. अशा वेडीकडे पोर ठेवायची का? विचारा हवं तर माझ्या बहिणीला, सख्खी आहे."

फौजदारबाईंनी पेन खाली ठेवलं. आईनं टेबलाखालून माझा हात घट्ट धरला. मी तो सोडवून घेतला आणि पासवर्ड टाकला.

बाई एकेक फोटो बघत गेल्या. गळ्यावरच्या वळांपाशी थांबल्या. "नक्की यानंच?"

"सख्खा भाऊ आहे माझा," मी म्हटलं. "ओळखायला चुकेन कशी? हा यानंच दाबलेला गळा आहे. भुवई यानंच फोडली. दंडही यानंच. लिहून घ्या, मी सही करते."

"तू मला मेलीस," आई म्हणाली आणि उठून दादाशेजारी जाऊन बसली. मला रडू आलं, पण सही केली.

छोटीला त्या दिवशी शाळेतून आम्ही दोघींनी आणलं. तिनं विचारलं, घरचा रस्ता तर मागे राहिला ना? वहिनीनं चांगल्या हातानं तिचं दप्तर घेतलं आणि म्हणाली, "राहू दे."