गोलकीपरचा ओला शर्ट

उपांत्य सामन्याच्या सकाळी कपडे बदलायच्या खोलीत एवढी गर्दी होती की मला, कॉलेजच्या डॉक्टरला, बॅग डोक्यावर धरून आत शिरावं लागलं. कप्तानाने लोखंडी कपाटाचं कुलूप काढलं. आत एकच निळा शर्ट लटकत होता आणि त्याच्या बाहीतून पाणी ठिबकत होतं. आदल्या संध्याकाळी आम्ही सगळ्यांनी हात लावून पाहिला, तेव्हा तो कोरडा होता, शिवाय उबदार.

शर्ट 'भिंती'चा. भिंत म्हणजे आमचा आधीचा गोलकीपर. गेल्या मोसमात त्याच्या डोक्याला मार लागला, त्याने कोणाला सांगितलं नाही, पुढचा सामना खेळला आणि याच खोलीतल्या बाकावर प्राण सोडला. या मोसमात आमचा संघ एकदाही हरला नव्हता, आणि प्रत्येक सामन्याआधी शर्ट ओला व्हायचा.

"घाम आहे तो," मालिशवाले काका हळूच म्हणाले. "रात्रभर सराव करतो पोरगा. वरून त्याला सगळं दिसतं. फक्त ऑफसाइडचं अजून नीट कळत नाही."

इतकी वर्षं काकांना कोणी चहा विचारला नव्हता. आता संघात कोण खेळणार हे ते ठरवत आणि प्रशिक्षक मान डोलावत. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, पण त्या तळघरातल्या खोलीत मला एकट्याला बसवत नसे. नजर राहून राहून त्या बाकाकडे जायची.

उपांत्य सामना आम्ही जिंकलो, पण नव्या गोलकीपरचं डोकं खांबावर आपटलं. तपासलं तर त्याला माझ्या एका बोटाची दोन दिसत होती.

"अंतिम सामना खेळायचा नाही," मी बजावलं.

"डॉक्टर, तुम्ही फार मनावर घेता," काका म्हणाले. "गोलात तो एकटा थोडाच असतो? भिंत आहे की पाठीशी."

प्रशिक्षकांनी मान डोलावली. पोरगाही म्हणाला, "खेळतो मी. दादा सांभाळून घेईल."

ज्या वाटेने एक गेला, त्याच वाटेने दुसरा निघाला होता. मी भिंतीच्या ताईला बोलावून घेतलं. ती शाळेत रसायनशास्त्र शिकवते.

अंतिम सामन्याच्या आदल्या संध्याकाळी ती आली. काकांनी शर्ट तिच्या हातात ठेवला. "बघ, अजून त्याच्या अंगाची ऊब आहे."

तिने शर्ट छातीशी धरून डोळे मिटले. मला वाटलं, हीसुद्धा गेली हातातून. मग तिने बाहीला जीभ लावली.

"त्याचे शर्ट मीच धुवायचे, काका. घाम खारट असतो, हे कडू आहे. आणि ही ऊब इस्त्रीची आहे." ती कप्तानाकडे वळली. "मैदानावर धूळ उडू नये म्हणून काय टाकता?"

"पांढरं मीठ, खायचं नव्हे. काकांच्या खोलीशेजारी पोती आहेत त्याची."

तिने ते मीठ बादलीत कालवलं, कप्तानाचा शर्ट त्यात बुडवला आणि इस्त्रीने कडक वाळवला. दोन्ही शर्ट कपाटात टांगले. कुलपाची किल्ली कप्तानाने खिशात घातली.

सकाळी दोन्ही शर्ट ठिबकत होते.

"रात्री तू सराव करत होतास का रे?" तिने कप्तानाला विचारलं. कोणी हसलं नाही. "हे मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. या तळघरात ओल कमी आहे का?"

काकांनी मान खाली घातली. "पोरं खचली होती. त्यांना धीर यावा म्हणून केलं."

"आणि मग मान मिळायला लागला," ताई म्हणाली. ती नव्या गोलकीपरसमोर बसली. "डोकं दुखतंय?"

त्याने काकांकडे पाहिलं, मग शर्टाकडे. "खूप."

"माझ्या भावाने एवढंच सांगायला हवं होतं," ती म्हणाली आणि रडली.

पोरगा माझ्याशेजारी बसून सामना बघत होता. राखीव गोलकीपरने एक चेंडू पायांमधून सोडला, पण पोरं जिवाच्या आकांताने धावली, दोन गोल केले आणि विजेतेपद आणलं. तरी लोक म्हणालेच, शर्टाची कृपा. तेव्हा शर्ट ताईच्या बादलीत भिजत पडला होता.

मंडळी, पाय जिवंत पोरांचे धावतात आणि दुखतंही त्यांनाच. चमत्कार दिसला तर तो कसा झाला ते आधी विचारा.

धुतलेला शर्ट अजून त्याच कपाटात आहे. प्रत्येक सामन्याआधी मी ते उघडतो. शर्ट कोरडा असतो, आणि खरं सांगतो, दर वेळी मला थोडं वाईट वाटतं. मग मी पोरांना त्याला हात लावायला लावतो आणि विचारतो, "कोणाचं डोकं दुखतंय का?"