रॅम्पवरचा बर्फ

आमच्या इमारतीत वर दोनशे घरं आणि खाली दुकानं. घरांची सोसायटी वेगळी, दुकानांचा मालक वेगळा. बॉयलर, कचऱ्याची खोली, गाड्यांचा तळ अशा सामाईक गोष्टी कोणी सांभाळायच्या आणि कोणाचा किती खर्च, याचा एक जाडजूड करार आहे. तो झाला तेव्हा घरंही विकली गेली नव्हती आणि दुकानंही. सगळं बिल्डरचंच होतं, त्यामुळे दोन्ही पक्षांच्या वतीने त्याच एका माणसाने सही केली. टोरांटोत ही रीतच आहे. त्या दिवशी दोन्ही पक्षांत कसलाही वाद नव्हता.

मी सोसायटीचा सेक्रेटरी. या हिवाळ्यात आमचं वाजलं ते मागच्या रॅम्पवरून. करार म्हणतो, त्यावरचा बर्फ 'रॅम्पचा मुख्यत्वे वापर करणाऱ्या पक्षाने' काढावा. आम्ही म्हणतो, दुकानांच्या ढकलगाड्या तिथून जातात. ते म्हणतात, तुमची माणसं जातात. आमच्या वकील व्हिटलॉकबाईंनी बजावलं, "फावड्याला हात लावू नका. एकदा काढलात की कबुली दिल्यासारखं होईल. मग जन्मभर तुम्हीच काढत बसा." दुकानांचा व्यवस्थापक गाएतानो फेर्लीझी याला त्याच्या वकिलाने हेच सांगितलं. सल्ला एक, बिलं दोन.

शुक्रवारी गुडघाभर बर्फ पडला. शनिवारी तिसऱ्या मजल्यावरच्या फिलोमेना बेटेंकूर्टबाईंनी मला लिफ्टपाशी गाठलं. मूळच्या अझोर्स बेटांवरच्या, वय झालेलं, चाकांच्या खुर्चीत. पुढच्या दाराला पायऱ्या, त्यामुळे बाहेर पडायला त्यांना तो रॅम्पच.

"उद्या माझ्या नवऱ्याला, आनिबालला, जाऊन वर्ष होतंय. त्याच्या नावाची मिसा आहे, प्रार्थना."

"बाई, प्रकरण वकिलांकडे आहे."

"मग वकील मला उचलून नेणार आहेत का चर्चमध्ये?"

मी व्हिटलॉकबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, अपंगांच्या हक्कांचा कायदा हा स्वतंत्र विषय आहे आणि त्याची फीही स्वतंत्र.

रविवारी सकाळी फिलोमेनाबाई काळा कोट घालून मागच्या दारात येऊन थांबल्या. चाकांच्या खुर्चीतल्या माणसांना नेणारी महापालिकेची गाडी थोड्याच वेळात येणार होती, आणि ती कोणासाठी खोळंबत नाही. गाएतानो सिगारेट विझवत माझ्याजवळ आला.

"बघवत नाही रे. काढ की."

"तुला बघवत नाही ना, मग तू काढ."

"माझी नोकरी जाईल, शहाण्या."

"बरं, दोघं एकदम काढू. म्हणजे आधी कोणी काढला हा प्रश्नच उरत नाही."

दोघांनी फावडी आणली. गाएतानोने एक, दोन, तीन म्हटलं. तीनला दोघंही एकमेकांकडे बघत जागच्या जागी उभे.

"लबाड आहेस," गाएतानो म्हणाला.

"आणि तू रे?"

तेवढ्यात फिलोमेनाबाईंनी खुर्ची पुढे घेतली, माझ्या हातातलं फावडं ओढलं आणि बसल्या बसल्या बर्फ उपसायला सुरुवात केली. "आनिबाल असता तर त्याने तुम्हा दोघांना ह्याच बर्फात पुरलं असतं!"

मला थंडीत घाम फुटला. बाई आमच्या सभासद. त्यांनी काढला म्हणजे सोसायटीने काढला. गाएतानोचाही चेहरा उतरला. रॅम्प वापरायला सामाईक, पण जमीन दुकानांच्या मालकीची; बाई पडल्या तर दावा त्याच्या मालकावर.

"बाई, थांबा!" आम्ही एका आवाजात ओरडलो. मी फावडं हिसकावून घेतलं, आणि त्यांनी पुन्हा हात लावायच्या आत आम्ही दोघांनी घामाघूम होत रॅम्प साफ केला. बाईंना गाडी मिळाली, मिसाही मिळाली.

सोमवारी दोन्ही वकिलांनी आपापल्या पक्षकाराला विचारलं, पहिलं फावडं कोणी मारलं? आम्ही दोघांनीही खरं तेच सांगितलं. आठवड्याभरात दोन्ही पक्षांचं संयुक्त पत्र निघालं: फिलोमेनाबाईंनी सामाईक जागेतल्या बर्फाला हात लावू नये.

बाईंनी ते वाचलं, घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि खालच्या दुकानातून लाल रंगाचं एक नवं फावडं विकत घेतलं. आता बर्फ पडला की ते मांडीवर आडवं ठेवून त्या रॅम्पच्या तोंडाशी येऊन बसतात. मी वरून धावत येतो, गाएतानो खालून.