रांजणातला गोटा

"बज्या, हितले गोटे कुठं गेले रं?"

कासाबाईनं खळग्यात काठी फिरवली. काठी नुसती पाण्यातच फिरली. मागं काठावर तिची मेंढरं टेकली होती.

पूर्णेच्या पुरानं काळ्या खडकात कोरलेले हे रांजणखळगे. पुरात गोटे आत गरगरतात आणि वर्षानुवर्षं खडक खरवडतात. हल्ली जिंतूरकडून गाड्या भरून माणसं बघायला येत आणि खळग्यांपेक्षा स्वतःचेच फोटो जास्त काढत.

"साफ केले, काकू. फोटूत पाणी निळं दिसाया पायजे का न्हाई?" पुतण्या बजरंग म्हणाला. "त्यो बघ ढीग. उद्या सेल्फी पॉइंटच्या पायात टाकायचेत."

कासाबाई ढिगापाशी जाऊन बसली.

नवरा, सटवाजी, गेला तेव्हा त्याच्या दहाव्याचा जीवखडा, गेलेल्याचा जीव ज्यात मानतात तो दगड, सगळ्यांचा सोडतात तसा तिनं नदीच्या धारेत सोडू दिला नव्हता. जन्मभर कातरणीआधी तो याच खळग्यात मेंढरं धुवायचा. कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून एकेकीला नावानं बोलवायचा. तिनं कुणाला न सांगता खडा इथंच सोडला. पावसाळ्यात खळग्यातून घरघर ऐकू आली की ती स्वतःशीच म्हणायची, लागलं वाटतं माणूस कामाला. मग तिला चांगली झोप लागायची.

आता तो त्या ढिगात होता. तिनं एक गोटा उचलला, दुसरा उचलला. त्याच्या खड्याचा एक कोपरा तुटका होता, पण पाण्यानं तोही गोल केला असणार. सगळे सारखेच गुळगुळीत. तिला रडू फुटलं. तरी तिनं पदरात गोटे भरले.

"काकू, काय करायलीस?"

"माघारी सोडायले. ह्यात तुझ्या काकाचा जीवखडा हाय."

बजरंगचा चेहरा उतरला. "मला काय ठावं? कुठला हाय त्यो?"

"तेच कळंना. म्हणून समदेच."

त्यानं चपला काढल्या आणि तोही गोटे वाहू लागला. बऱ्याच वेळानं हळूच म्हणाला, "पर तुला वळखूच आला न्हाई, काकू."

"त्यांनी मला वळखलं मंजी झालं."

उन्हं कलली. कासाबाईनं शेवटचा गोटा सोडला. डुबुक आवाज झाला. काठावरची म्हातारी मेंढी उठली, सावकाश खडक उतरली आणि पाण्याशी येऊन, आपली पाळी आल्यासारखी उभी राहिली.